शिडीला दिलेला शब्द

परवा आमच्या सोसायटीच्या कुंपणाला पुन्हा चुना फासला. निवडणूक जाहीर झाली की सिल्वासातल्या भिंतींचे दिवस पालटतात. एरवी पानाच्या पिचकाऱ्या झेलत उभ्या असलेल्या भिंती दोन दिवसांत पांढऱ्याशुभ्र होतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर कुणाचं तरी चिन्ह येऊन बसतं. मी गॅलरीत खुर्ची टाकून बघत होते. रंगाऱ्यानं एक हात मारला, तो वाळला आणि खालून मागच्या वेळचं चिन्ह पुसट दिसायला लागलं. त्यानं एक शिवी घातली आणि दुसरा हात मारला. ओल्या चुन्याचा वास वर आला, आणि त्याच्या मागोमाग रस्त्यापलीकडच्या उरल्यासुरल्या शेतातून कापलेल्या भाताचा. हे दोन वास एकत्र आले की मला घरात बसवत नाही आणि बाहेरही जाववत नाही.

भातकापणी आणि मतदान बरोबर आलं, असा हंगाम माझ्या आयुष्यात तीनदा आला. तिन्ही वेळा मी ड्यूटीवर होते. आता मागे वळून पाहताना त्या तिन्हींचा एकच हंगाम झाला आहे. कुठलं ऊन कुठल्या वर्षीचं ते वेगळं काढता येत नाही. त्यातलं खरं मी घरात कधी बोलले नाही. आताही लिहायला बसल्यापासून दोनदा उठून चहा करून आले आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही इथे आलो. आमचे हे प्रशासनाच्या कचेरीत आणि मी मराठी शाळेत. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे. बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी, शाळेत मराठी अशी तीन तोंडं सांभाळत आमचा संसार लागला. सायलीकडे तेव्हा नुकत्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या आणि खानदेशातून आलेली माणसं एकेका खोलीत सहा-सहा जण राहत होती. आम्ही सरकारी नोकर मात्र ऐटीत होतो. इथल्या लोकांना शहाणं करायला आपल्याला पाठवलं आहे, असं आमच्यातल्या प्रत्येकाला वाटायचं. मला जरा जास्तच वाटायचं.

तशात किलवणीच्या पुढच्या एका वारली पाड्यावर बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवण्याचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी शाळा सुटली की मी जीपमधून, नाहीतर पायी जायची. बुधी नावाच्या बाईच्या ओटीवर वर्ग भरायचा. कारवीच्या कुडाची भिंत, शेणानं सारवलेली जमीन आणि वर टांगलेली बियाण्याची कणसं. बायका कमरेचा कोयता काढून शेजारी ठेवायच्या आणि पाटी मांडीवर घ्यायच्या. पाट्यांच्या पेन्सिलींचा किरकिर आवाज आणि मध्येच एखादीचं खुदकन हसणं. कापणीच्या दिवसांत त्यांच्या केसांत भाताचं तूस अडकलेलं असायचं आणि पडवीभर त्या पेंढ्याचा उबदार वास असायचा.

बुधी तेव्हा चाळिशीची असेल. अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. तिची बोली मला नीट लिहिता येत नाही, जमेल तशी लिहिते. त्या बोलीत अहो-जाहो नाही. मलाही तूच आणि मोठ्या साहेबालाही तूच. बाकीच्या बायका मी सांगेन ते गिरवायच्या. बुधी आधी विचारायची, हे कशाला. क कशाला, का कशाला, आणि दोन्ही कशाला. मी वैतागायची. आता कळतं, त्या ओटीवर शिकायला आलेली तेवढी एकच होती.

वर्ग कधीच वेळेवर सुरू झाला नाही, कारण पाड्याला पाणी नव्हतं. पावसाळा संपला की बायका खालच्या ओहोळात जायच्या, वाळूत हातभर खड्डा खणायच्या आणि त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायच्या. एक हंडा भरायला अर्धा तास. मी घड्याळ दाखवून रागवायची. त्या हसून पदरानं तोंड पुसायच्या.

रतनभाई हा त्या भागातला पुढारी. लाकडाची वखार, पांढरा सदरा आणि बोलायला मधाळ. पंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि तो त्यात उभा होता. त्याच्या मंडळींना तिकडे सगळे ‘पार्टी’ म्हणत. पार्टी कसली, तिथल्या तिथे जमलेले दहा-बारा जण, कुणातरी मोठ्याच्या सावलीत उभे राहिलेले. त्यांचं चिन्ह होतं शिडी. रतनभाईनं माझ्या वर्गाला फळा दिला, खडू दिले, नव्या पाट्या दिल्या. मग एका शनिवारी म्हणाला, “बेन, बायकांना आपली शिडी जरा ओळखायला शिकवो ने. पंप तो आवी गयो समजो.”

पाड्यावर हातपंप येणार या एका गोष्टीनं मी विरघळले. शिवाय मला त्यात शिकवण्याची एक युक्ती दिसली. आमच्या पुस्तकात ‘श’ शहामृगाचा होता. त्या पाड्यावर शहामृग कुणी पाहिलं होतं? शिडी मात्र घरोघर होती, ताडावर चढायला वापरतात ती खाचांची बांबूची. मी फळ्यावर शिडी काढली आणि तिच्यापुढे ‘श’. बायकांनी पटकन उचललं. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. पुढच्या आठवड्यात मी रद्दी कागदावर शिडी काढून नेली, बटाटा कापून त्याचा शिक्का केला आणि सगळ्यांकडून शिडीवर मारून घेतला. शिडी दिसली की शिक्का, शिडी दिसली की शिक्का. कागदावर आणखीही चित्रं असतात, त्यांतलं कुठलंही एक निवडायचा हक्क तुमचा आहे, एकापेक्षा जास्त ठिकाणी शिक्का मारला तर मत बाद होतं, यांतलं मी काहीही सांगितलं नाही. मी त्यांना मत द्यायला शिकवलंच नाही. शिडीवर मारायला शिकवलं.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात रतनभाई पाड्यावर आला आणि म्हणाला, कणसरीची आण घ्या. कणसरी म्हणजे धान्याची देवी. नवं भात ओंजळीत घेऊन तिची आण घेतली की तो शब्द मोडत नाही. मोडला तर घरातलं धान्य रुसतं, असं ती माणसं मानतात. रतनभाईला हे पुरतं ठाऊक होतं. मला नव्हतं. असल्या कामाला कणसरीला कुणी बोलवत नाही, असं एक म्हातारी पुटपुटली. बुधीनं माझ्याकडे पाहिलं.

“बाय, तू सांग. घ्यावी का?”

मी म्हणाले, “घ्या की. पाण्यासाठीच तर आहे.”

त्यांनी घेतली. एकेकीनं सुपातलं नवं भात ओंजळीत घेतलं आणि शिडीला मत देऊ म्हणून शब्द दिला. मी भिंतीला टेकून बघत होते आणि किती छान दृश्य आहे, असं मनात म्हणत होते. आपल्याकडे पुढारी वचनं देतात, इथे मतदारही देतात, केवढी ही प्रामाणिक लोकशाही, असं काहीतरी मी त्या संध्याकाळी घरी येऊन ह्यांना ऐकवलंही होतं.

शिडी जिंकली. रतनभाईनं सत्कारात मलाही हार घातला आणि बेन म्हणजे आपल्या पार्टीची खरी कार्यकर्ती, असं चारचौघांत म्हणाला. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले.

पंपाचे पाईप आले. पाड्याच्या तोंडाशी दोन पावसाळे पडून राहिले, त्यांवर गंज चढला, बायका येता-जाता त्यांवर हंडा टेकवून दम खायच्या. वरची माणसं बदलली, फाईल अडकली, असं रतनभाई सांगायचा. ते दिवसच तसे होते. दिल्लीत सरकारं पडत होती, उभी राहत होती. आमचे हे रेडिओला कान लावून बसायचे आणि जेवताना म्हणायचे, देशाला स्थिर सरकार पाहिजे. शेजारच्या क्वार्टरमधले पाटणकर म्हणायचे, स्थिर सरकार पाहिजे. सगळेच म्हणायचे. पक्ष स्थिर पाहिजेत, असं मात्र आमच्या ताटावर कुणी कधी म्हटलं नाही. सरकार पडलं की वर्तमानपत्रात येतं. खालची एखादी पार्टी रातोरात दुसरीकडे गेली तर त्याची बातमी होत नाही, आणि झाली तरी ती बुधीपर्यंत पोचत नाही.

आणि नुसत्या स्थिरपणाचंही मला अप्रूप नाही. आमच्या कोकणातल्या गावात वडील जन्मभर एकाच चिन्हावर शिक्का मारत आले. का, असं कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गावचा साकव, ओढ्यावरचा लाकडी पूल, प्रत्येक पावसाळ्यात वाहून जायचा, प्रत्येक निवडणुकीला नवा कबूल व्हायचा आणि मत तिथेच पडायचं. मत कुठे जाणार नाही हे ठाऊक असल्यावर साकव कोण बांधतो? तेव्हा एकच खुंटा वर्षानुवर्षं असला म्हणजे सगळं ठीक, असं मी म्हणणार नाही. पण निदान वडिलांना साकवाबद्दल ओरडायला एक दार होतं. ते ओरडले नाहीत, हा त्यांचा दोष. बुधीला मात्र ओरडायचं होतं, आणि तिच्यासाठी दरवेळी दारच हललेलं असायचं.

दुसऱ्या निवडणुकीच्या आधी रतनभाईचं चुलतभावाशी बिनसलं. कशावरून ते कुणाला नीट कळलं नाही. कुणी म्हणे वखारीवरून, कुणी म्हणे तिकिटावरून. रतनभाई चार माणसं घेऊन दुसऱ्या पार्टीत गेला. त्यांचं चिन्ह छत्री. शिडी राहिली चुलतभावाकडे. महिन्याभरात भिंतींवरच्या शिड्या पुसून छत्र्या झाल्या आणि रतनभाई पाड्यावर येऊन सांगून गेला, आता छत्रीवर मारायचं, पंप छत्रीच आणणार. एवढं बोलून तो गेला. घेतलेल्या आणेचं काय, हे त्याच्या मनातही आलं नसेल.

त्याच आठवड्यात बुधी आणि दोघी बायका सिल्वासाला माझ्या शाळेत आल्या. पायी आल्या होत्या. मधली सुट्टी होती, मी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसले होते. खोलीत सगळे होते. सरकारी नोकरानं प्रचारात भाग घेतल्याचं आढळलं तर कारवाई होईल, असं परिपत्रक त्याच सकाळी मुख्याध्यापकांनी वाचून दाखवलं होतं. बुधी दारातच उभी राहिली आणि तिनं नेहमीसारखं सरळ विचारलं.

“बाय, आमी शबूद शिडीला दिला का रतनभाईला? तूच आमाला आण घेयाला सांगितली ना? आता तूच सांग.”

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “मी? मी कुठे काय सांगितलं? मी अक्षरं शिकवायला येते. तुमच्या आणाभाका तुमच्या तुम्ही बघा.”

मी कानांवर हात ठेवले. इतकं साधं होतं ते. तिला बाहेर व्हरांड्यात नेऊन दोन वाक्यांत सांगता आलं असतं, की बाई, ती आण माझ्या मूर्खपणामुळे झाली, मत गुप्त असतं, तुला हवं तिथे एकाच ठिकाणी शिक्का मार. दोन वाक्यांचं काम होतं. बुधीला राग आला असं दिसलं नाही. मी विसरले असेन, असंच बहुधा तिला वाटलं. “बरा,” म्हणाली आणि त्या तिघी ज्या पायी आल्या त्याच पायी परत गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, या लोकांना काही सांगायची सोय नाही. मी मान हलवली.

मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी नेमकी त्याच केंद्रावर लागली. मी बोटाला शाई लावायला. आदल्या दिवशीच शेत कापलं होतं. खोडांवरून चालत, रिकाम्या शेतातून बायकांची रांग येताना दिसत होती. बुधी आली, बोट पुढे केलं, मी शाई लावली. मतपत्रिका घेऊन ती गोणपाटाच्या आडोशामागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. केंद्राध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मग ती आली, कागद नीट घडी घालून पेटीत टाकला आणि एखादं अवघड काम उरकल्यासारखा मोकळा चेहरा करून माझ्याकडे पाहिलं. मी शाईच्या बाटलीचं बूच शोधत राहिले.

मोजणीलाही आम्हा शिक्षकांनाच बसवलं होतं. त्या पाड्याची पेटी उघडली आणि आमच्यातल्या एका शिक्षकानं एक मतपत्रिका उंच धरली. दोन शिक्के होते. एक शिडीवर, एक छत्रीवर, दोन्ही अगदी चौकटीच्या मधोमध, नीटनेटके. मग तशीच दुसरी निघाली, तिसरी निघाली. “ह्या बायकांनी दोघांनाही खूश केलंय,” तो म्हणाला आणि सगळे हसले.

मीही हसले. मला त्या शिक्क्यांकडे पाहूनच कळलं होतं की ही माझी ओटी आहे. इतका मधोमध शिक्का मारायला मीच शिकवलं होतं, बटाट्यानं. तरी मी हसले, आणि वर म्हणाले, शिकवून काही उपयोग नाही हो. ते वाक्य मी कुठल्या तोंडानं बोलले, हे मला आजही सांगता येत नाही. मतं बाद झाली. रतनभाई थोडक्यात पडला. जितक्या मतांनी पडला त्यापेक्षा तो बाद मतांचा गठ्ठा जाड होता.

तो जिंकला असता तर पंप आला असता का? मला खात्री नाही. पण त्या बायकांनी त्याला आणि शिडीला, दोघांनाही आपल्या बाजूनं बांधून घेण्याचा जो प्रयत्न केला होता, तो आमच्या टेबलावर हशात संपला.

पुढच्या शनिवारी मी वर्गाला गेले तेव्हा अंगणात भात झोडणं चालू होतं. पेंढ्या खाटेवर आपटल्याचा धपधप आवाज, हवेत उडणारी धूळ, अंगाला सुटलेली खाज. बुधी हात झटकत आली, ओटीवर माझ्याशेजारी बसली आणि सगळं समजावून सांगायला लागली. शब्द शिडीला दिला होता, तो पाळला. कणसरीचा शब्द आहे, त्याला मुदत नसते. पण पंप देतो हा शब्द रतनभाईनं दिला होता. त्याला मत दिलं नाही तर तो म्हणेल, तुम्ही मला सोडलंत, मी तुम्हाला सोडलं. म्हणून त्यालाही बांधून ठेवला. सगळ्या जणींनी बसून हे ठरवलं होतं. दोन्हीकडचा शब्द राहिला, असं ती म्हणाली, आणि मग तिनं विचारलं.

“दोनी मोजला ना गं, बाय?”

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे शंका नव्हती, आनंद होता. महिनाभर चाललेलं तिचं डोक्याचं काम तिनं तडीला नेलं होतं आणि ते मला दाखवायला ती आली होती, पाटीवर बरोबर लिहिलेलं अक्षर दाखवतात तसं.

मी म्हणाले, “हो. मोजलं.”

तिनं घरात जाऊन नव्या तांदळाची पायली आणली आणि माझ्या पिशवीत ओतली. मी घेतली. घरी येऊन त्याचा भात केला. ह्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि कुठला तांदूळ म्हणून विचारलं.

त्या ‘हो’ला मी दयेचं नाव देऊन ठेवलं होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं. खरं तर तिला ‘नाही’ असं सांगितलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, का नाही मोजलं, आणि त्याच्या पुढचा, तू आधी का नाही सांगितलं. बुधी प्रश्न अर्धवट सोडणारी नव्हती. मी त्या दुसऱ्या प्रश्नाला घाबरले. विद्यापीठांत मोठी माणसं लोकशाहीची तब्येत कशी तपासतात, मला माहीत नाही. पक्ष किती टिकतात, फुटतात किती, माणसं इकडून तिकडे किती जातात, हे बघत असतील, आणि ते बघायलाच हवं. रतनभाईनं पार्टी बदलली नसती तर बुधीवर ही वेळ आली नसती, हे खरंच आहे. पण तो गेल्यावर काय झालं ते त्या बायकांना सांगायला जे एक सरकारी, शिकलेलं, पगारी माणूस तिथे बसलं होतं, ते माझ्यासारखं होतं. तेही मोजायला हवं.

त्यानंतर मी वर्ग चालवत राहिले. शिडीचा धडा टाळून. बायका नाव लिहायला शिकल्या, बसची पाटी वाचायला शिकल्या. बुधीच्या मुलाचं लग्न झालं, तो सायलीला धाग्याच्या कारखान्यात लागला, सून ओटीवर येऊन बसायला लागली. पाण्याचं तेच होतं.

तिसऱ्या निवडणुकीपर्यंत शतक संपत आलं होतं. दिल्लीत तीन-साडेतीन वर्षांत तीनदा मतदान झालेले ते दिवस; इथे तर लोक पार्टीचं नावही विचारेनासे झाले होते, फक्त विचारत, या वेळी काय, म्हणजे कोणतं चित्र. रतनभाई छत्री सोडून घंटेकडे गेला होता. शिडी अजून चुलतभावाचीच होती. मी पुन्हा मोजणीच्या टेबलावर. पाड्याची पेटी उघडली आणि दोन शिक्क्यांच्या मतपत्रिका निघायला लागल्या. एक शिडीवर, एक घंटेवर, मधोमध. गठ्ठा मागच्याहून मोठा होता. बुधीच्या वयाच्या बायकांनी सुनांना शिकवलं होतं, लेकींना शिकवलं होतं, घरातल्या पुरुषांनाही शिकवलं होतं. दोन्ही मारायचे, दोन्ही मोजतात, बायनं सांगितलंय.

रतनभाई या वेळी जिंकला. महिन्याभरात पंप आला, पण पलीकडच्या पाड्यावर. तिथली मतं त्याला मिळाली होती. बुधीच्या पाड्यावर त्याच्या नावाचं एकही मत निघालं नव्हतं. मग त्यानं तिथे पंप का द्यावा? बायका त्याच्याकडे गेल्या तर त्यानं मोजणीचा कागद दाखवून त्यांना खोटं ठरवलं. तुम्ही मला मत दिलं म्हणता, कुठे आहे?

तेव्हा मी गेले. इतका उशीर केल्यावर एकदाची गेले. बुधी अंगणात भात वाळत घालत होती, पायानं पसरवत, वाकून खडे वेचत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. शिक्षकांच्या खोलीतलं, मोजणीतलं, हसण्याचंसुद्धा. तिनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, हे तिच्या बाबतीत प्रथमच घडत होतं. मग ती सरळ उभी राहिली.

“मंजे आमी सांगतो होतो ता खोटा नाय. तू सांगितला ता खोटा.”

मी हो म्हणाले. तिनं पुन्हा वाकून भात पसरायला सुरुवात केली, कारण ऊन उतरायला लागलं होतं. मी निघाले. तिनं बस म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी ओटीवर कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही नव्हतं. फळा भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता. चौथ्या शनिवारनंतर मी जाणं बंद केलं आणि कचेरीतून वर्ग बंद केल्याचा छापील अर्ज आला. त्यात नाव, गाव, किती वर्षं चालला, असे रकाने होते आणि शेवटी एक होता, वर्ग बंद होण्याचे कारण. मी तो अर्ज दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी, शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, स्वच्छ अक्षरात मी त्या रकान्यात लिहिलं: महिलांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था. आणि खाली सही केली.